चर्चिल पोट्ट्यांना शिकवायचा कसा: एक दोरी, चाळीस चिमटे अन् तीन संध्याकाळी

आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत संध्याकाळी अभ्यासिका भरते. दहा-बारा पोट्टे, सात-आठ पोरी, कोणी पोलीस भरतीवाले, कोणी तलाठीवाले, एक-दोघं एमपीएससीचं स्वप्न पाहणारे अन् बाकी घरी टीव्ही चालू असतो म्हणून इकडं येणारे. मी तिथं इतिहास घेतो. मास्तर नाही हो मी, शेतीच करतो, बीएला इतिहास होता तेवढंच भांडवल. दुसरं महायुद्ध आलं की इंग्लंडचा तेव्हाचा पंतप्रधान चर्चिल घ्यावाच लागतो आणि दोन वर्षं मी तो लय वाईट शिकवला, म्हणून हे लिहून राहिलो, तुमच्या गावात कोणी घेत असेल तर निदान त्या दोन चुका तरी वाचतील.

पहिल्या वर्षी जन्मापासून सुरू केलं, मग पदं, मग सनावळी, अर्ध्या तासात निम्मे पेंगले. शेवटी एक पोट्टा म्हणे, "भाऊ, हा मानूस चांगला होता का खराब, एका ओळीत सांगा ना, पेपरात काय लिहाचं?" मला काही सांगता आलं नाही. दुसऱ्या वर्षी ठरवूनच गेलो, बंगालचा १९४३ चा दुष्काळ काढला अन् त्याला पूर्ण राक्षस करून टाकला, पोट्टे खूश, तर मागून एक पोरगी म्हणते, "मंग हिटलरले कोनं अडवलं?" झालं, परत गप्प. तिसऱ्या वर्षी दोरी बांधली आणि तेव्हापासून बरं चाललंय.

तर सामान सांगतो. वीसेक फुटांची सुतळी, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. कपड्याचे चिमटे चाळीस तरी. वापरलेल्या वहीचे मागून कोरे कागद, दोन रंगाचे पेन. निळ्या पेनानं 'तिकडं' म्हणजे लंडन वगैरे, ती चिठ्ठी दोरीच्या वर उभी लावायची. लाल पेनानं 'इकडं' म्हणजे आपला देश, अन् जमलं तर आपला विदर्भच, ती खाली लटकवायची. दोरी सारखी वाटू नका. माणूस नव्वद वर्षं जगला, ३० नोव्हेंबर १८७४ ते २४ जानेवारी १९६५, पण अर्धी दोरी फक्त १९४० ते १९४५ ला द्या. हुशार पोट्टा लगेच म्हणेल की स्केल चुकलं, त्याला म्हणा चुकलं नाही, मुद्दाम केलं, काऊन केलं ते तिसऱ्या दिवशी तूच सांग.

वेळ म्हणाल तर ऑगस्ट. पेरणी होऊन गेलेली असते, कापसाची वेचणी दूर असते, आणि ऑगस्टच का ते पुढं येईलच.

पहिली चिठ्ठी चर्चिलची लावू नका. पवनारची लावा. आमचे सगळे पोट्टे शाळेच्या सहलीत धाम नदीवर जाऊन आलेले, विनोबांचा आश्रम पाहिलेला, त्यामुळं लगेच जागे होतात. लाल पेनानं लिहा: १७ ऑक्टोबर १९४०, पवनार, विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. गांधीजींनी पहिला सत्याग्रही म्हणून निवडलेला माणूस, म्हणणं एवढंच की या लढाईला माणूसही द्यायचा नाही अन् पैसाही द्यायचा नाही, आणि चार दिवसांत अटक. आता विचारा, अटक कोणी केली? इंग्रजांनी. इंग्रजांत वर कोण होतं? इथं बहुतेक व्हाइसरॉयपर्यंत येऊन थांबतात. मग वरची निळी चिठ्ठी लावा: त्याच आठवड्यात लंडनवर रोज रात्री बॉम्ब पडत होते, ७ सप्टेंबरपासून सलग ५७ रात्री, आणि पंतप्रधान होता विन्स्टन चर्चिल. दोन्ही चिठ्ठ्या समोरासमोर. काही बोलू नका, पाच मिनिटं बघू द्या. आमच्याकडं याच जागेवर भांडण सुरू झालं की ज्याचं घर जळून राहिलं त्याला असं म्हणावं का, दुसरा म्हणे आपलं घर कोणाच्या हातात होतं ते पाह्य आधी. भांडू द्या थोडं, मग दोरीच्या डाव्या टोकाला जा.

बालपण पटकन करा, पण दोन गोष्टी सोडू नका. एक, जन्म ब्लेनहाइम नावाच्या राजवाड्यात, आजोबा ड्यूक, बाप लॉर्ड रँडॉल्फ जो १८८५-८६ मध्ये स्वतः भारतमंत्री (लंडनच्या सरकारात भारताचा कारभार पाहणारा मंत्री) होता, आई अमेरिकन, आणि पोराला खरं वाढवलं ते एव्हरेस्ट आडनावाच्या दाईनं. दुसरी गोष्ट म्हणजे सँडहर्स्टच्या लष्करी कॉलेजात तो तिसऱ्या प्रयत्नात बसला. हे सांगितलं की भरतीवाले पोट्टे ताठ बसतात, पाहा, तोही दोनदा नापास! इथं सांभाळा. याचा मोटिव्हेशनचा स्टेटस करू नका. त्याच्या तिसऱ्या प्रयत्नामागं राजवाडा होता, आपल्या पोट्ट्याच्या तिसऱ्या प्रयत्नामागं दोन एकर गहाण असतं, हे तिथल्या तिथं बोलून टाका.

मग बंगळूर. १८९६ मध्ये घोडदळाचा अधिकारी म्हणून आला, पोलो खेळायचा, गुलाब लावायचा, दुपारच्या उन्हात पडून इतिहासाची जाडजूड पुस्तकं वाचायचा कारण कॉलेजचं शिक्षण झालेलं नव्हतं आणि ते त्याला टोचत होतं. तिथल्या क्लबच्या वहीत त्याच्या नावावर १३ रुपये उधारी अजून आहे. आमच्या पानठेल्यावाल्याची वही आठवून सगळे हसतात, हसू द्या, पण त्याच चिठ्ठीवर खाली लिहा: १८९९ ला गेला, परत कधी आला नाही. हे वाक्य मोठ्या अक्षरात. कारण पुढं तो पन्नास वर्षं भारताबद्दल जे बोलला ते त्या बराकीतल्या, नोकरचाकरांच्या, १८९० च्या दशकातल्या भारताबद्दल बोलला. जसं आपल्याकडं कोणी पुण्याला जाऊन चाळीस वर्षं झाली तरी सांगत असतो की गावात अजून चौथीपर्यंतच शाळा आहे, तसं.

मधे एक गंमतीची चिठ्ठी येते. बोअर युद्ध, दक्षिण आफ्रिकेत इंग्रज अन् डच वंशाच्या बोअर लोकांत झालेलं. चर्चिल वार्ताहर म्हणून गेला, नोव्हेंबर १८९९ मध्ये चिलखती आगगाडीवर हल्ला झाला, पकडला गेला, डिसेंबरात प्रिटोरियाच्या कैदेतून पळाला, रातोरात हिरो. त्याच युद्धात गांधीजी जखमींना डोलीतून वाहून नेणाऱ्या भारतीय तुकडीत होते, आणि जानेवारी १९०० च्या स्पिऑन कॉपच्या लढाईत दोघंही त्या भागात होते. ओळख नाही, पाळख नाही. पुढं १९०६ मध्ये लंडनला एकदा भेट झाली, चर्चिल वसाहत खात्यात उपमंत्री होता, गांधीजी ट्रान्सवालच्या भारतीयांचं गाऱ्हाणं घेऊन गेलेले. आयुष्यात तेवढीच एक भेट. निळी अन् लाल चिठ्ठी एकाच चिमट्याला लावा.

१९०० ते १९१४ वर जास्त वेळ घालवू नका. खासदार झाला, १९०४ मध्ये हुजूर पक्ष सोडून उदारमतवाद्यांकडं गेला, वीस वर्षांनी परत हुजूर पक्षात आला. पक्ष बदलणं म्हणजे काय हे आपल्या पोट्ट्यांना समजवावं लागत नाही. १९०८ मध्ये क्लेमेंटाइनशी लग्न, १९१० गृहमंत्री, १९११ नौदलमंत्री.

पहिल्या महायुद्धातली गॅलिपोलीची मोहीम मात्र नीट सांगा, भिंतीवर खडूनं काढून. तुर्कस्तानची दार्डानेल्स सामुद्रधुनी, म्हणजे चिंचोळी पाण्याची गल्ली, दोन्ही काठांवर तोफा, पाण्यात सुरुंग. चर्चिलनं आग्रह धरला की नुसत्या जहाजांनी आत घुसू. १८ मार्च १९१५ ला जहाजं बुडाली, एप्रिलात सैन्य उतरवलं, महिनोनमहिने लोक मेले आणि १९१६ च्या सुरुवातीला सगळे मागं घेतले. चूक एकट्याची नव्हती पण खुर्ची त्याचीच गेली, वय चाळीस. मग स्वतःच लढाईच्या खंदकात गेला, तिथं एक बटालियन सांभाळली. हे लक्षात ठेवायला सांगा, हट्ट फसला की काय होतं त्याची ही चिठ्ठी, कारण पुढं तोच हट्ट जिंकणार आहे.

पहिली संध्याकाळ इथं संपते. आमची तर लाईट गेल्यानं संपली, ट्रान्सफॉर्मरवर पावसात फांदी पडली होती, मोबाईलच्या टॉर्चवर चिठ्ठ्या गोळा केल्या.

दुसऱ्या दिवशी १९३० चं दशक घ्या आणि हे दशक शिकवणं सगळ्यात अवघड आहे. वर लावा: हिटलर शस्त्रं वाढवतोय, त्याला आत्ताच अडवा, असं चर्चिल वर्षानुवर्षं सांगत राहिला, स्वतःच्याच पक्षात कोणी ऐकेना, मंत्रिपद नाही, चार्टवेलच्या घरी विटा रचत बसायचा (खरंच रचायचा, १९२८ मध्ये गवंड्यांच्या युनियनचा मेंबर झाला होता, आमच्या गावच्या मिस्त्रीला हे सांगितलं तर तो म्हणे ओळंबा धरता येत होता का विचारा). खाली लावा: फेब्रुवारी १९३१, गांधीजी व्हाइसरॉय आयर्विनशी बोलायला पायऱ्या चढून जातात ते बघून चर्चिल चिडला, अर्धनग्न फकीर म्हणाला, अन् पुढं १९३५ चा भारत सरकार कायदा होऊ नये म्हणून वर्षानुवर्षं भांडला. १९३६ मध्ये तोच फकीर आपल्या शेगावात म्हणजे आजच्या सेवाग्रामात येऊन राहिला. आता पोट्टे विचारतील, एकच माणूस एकाच वेळी एवढा बरोबर अन् एवढा चूक कसा? उत्तर देऊ नका, उत्तर नाटकात येतं.

नाटक म्हणजे हे. १० मे १९४० ला चर्चिल पंतप्रधान झाला, वय ६५ (आपल्याकडं राज्य सरकारचा माणूस साधारण ५८ ला घरी बसतो). त्याच दिवशी जर्मनीनं हॉलंड, बेल्जियम, फ्रान्सवर हल्ला केला. मे संपत आला तोवर फ्रान्स कोसळायला आलेलं, ब्रिटिश सैन्य फ्रान्समधल्या डंकर्कच्या किनाऱ्यावर अडकलेलं, अमेरिका युद्धात नाही, रशियाचा हिटलरशी करार. २६ ते २८ मे, लंडनमध्ये पाच जणांचं युद्धमंत्रिमंडळ बसलं: चर्चिल, चेंबरलेन (आधीचा पंतप्रधान), हॅलिफॅक्स (परराष्ट्रमंत्री), अ‍ॅटली, ग्रीनवुड. पाच पोट्टे-पोरी निवडा, पाच खुर्च्या मांडा. प्रश्न एकच, इटलीच्या मुसोलिनीमार्फत तहाच्या अटी काय मिळतात ते विचारून पाहायचं की नाही?

हॅलिफॅक्सचं काम वर्गातल्या सगळ्यात चांगल्या बोलणाऱ्याला द्या. हे महत्त्वाचं आहे. नाहीतर सगळे चर्चिल व्हायला धावतात अन् हॅलिफॅक्सला भित्रा करून टाकतात. तो भित्रा नव्हता, त्याचं म्हणणं व्यवहाराचं होतं, सैन्यच उरणार नसेल तर विचारण्यात जातं काय? आमच्याकडं एका पोरीनं हे काम असं केलं की पाचातली तिघं तिच्या बाजूनं गेली अन् इंग्लंडनं तह केला! मग सांगायचं की खऱ्या खोलीत तसं झालं नाही. चर्चिलचं म्हणणं होतं, एकदा विचारायला गेलो की घसरण थांबत नाही. चेंबरलेन हळूहळू त्याच्याकडं झुकला, मजूर पक्षाचे अ‍ॅटली अन् ग्रीनवुड त्याच्यासोबतच होते.

आता खरा पत्ता काढा. हा हॅलिफॅक्स कोण? तोच लॉर्ड आयर्विन. १९२६ ते १९३१ आपला व्हाइसरॉय, गांधी-आयर्विन करारातला आयर्विन, पोट्ट्यांनी पाठ केलेला, पण तो अन् हॅलिफॅक्स एकच हे कोणाच्या लक्षात येत नाही कारण पुस्तकात दोन वेगळ्या धड्यांत दोन वेगळी नावं आहेत. गांधीजी ज्याच्या पायऱ्या चढले तो हा माणूस. अन् तो कोपऱ्यात गप्प बसलेला अ‍ॅटली? सायमन कमिशनचा मेंबर होता. म्हणजे त्या लंडनच्या खोलीत आपलीच भांडणं बसलेली होती. गांधीजींशी बोलणी करणारा हॅलिफॅक्स इथंही म्हणतो बोलून बघू, अन् गांधीजींशी बोलू नका म्हणणारा चर्चिल इथंही म्हणतो बोलायचं नाही. खोड एकच. एका ठिकाणी तिनं जग वाचवलं, दुसऱ्या ठिकाणी आपल्याला तिनं रडवलं. माझं स्वतःचं मत हेच आहे, पण गांधी अन् हिटलर एका पारड्यात टाकतोय असं कोणाला वाटू नये म्हणून लगेच बोला: फरक ओळखता आला नाही हीच तर त्याची चूक.

पुढं डंकर्कहून ३ लाख ३८ हजारांच्या आसपास सैनिक निघाले. ४ जूनचं भाषण एखाद्या खणखणीत आवाजाच्या पोट्ट्याकडून वाचून घ्या, आम्ही किनाऱ्यांवर लढू, शेतांत लढू, रस्त्यांवर लढू, डोंगरांत लढू, आम्ही कधीच शरण जाणार नाही. बघा, शब्द कसे लहान-लहान आहेत, शेतकऱ्यालाही समजतील असे. कोणी यूट्यूबवर ऐकवेल तर सांगा की हा आवाज १९४० चा नाही, त्या दिवशी भाषण फक्त संसदेत झालं, हे रेकॉर्डिंग त्यानं १९४९ मध्ये नंतर केलं.

तिसरी संध्याकाळ जड जाते. इथं लाल चिठ्ठ्या जास्त लागतात, आधीच लिहून ठेवा. ऑगस्ट १९४१, अटलांटिक सनद, अमेरिकेचा अध्यक्ष रुझवेल्टसोबत, सगळ्या लोकांना आपलं सरकार निवडायचा हक्क. सप्टेंबरात चर्चिलनं संसदेत सांगितलं की हे भारताला लागू नाही. १५ फेब्रुवारी १९४२ सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं. मार्चमध्ये ब्रिटिश सरकारचा प्रस्ताव घेऊन क्रिप्स आला, हात हलवत गेला. १४ जुलै, वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीनं इंग्रजांनी निघून जावं असा ठराव केला, वर्ध्याला बरं का, मुंबईला नंतर. ८ ऑगस्ट मुंबई. आणि १६ ऑगस्ट, नागपंचमी, आपल्या विदर्भातली चिमूर अन् आष्टी.

चिमूर-आष्टी घाईत उरकू नका. पोट्ट्यांना नुसती शौर्यकथा माहीत असते. पूर्ण सांगा: मोर्चा निघाला, गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर गेला, चिडलेल्या जमावानं अधिकारी-पोलीस मारले, मग लष्कर आलं अन् चिमूरच्या बायांवर जे अत्याचार झाले त्यांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केलं. उपोषण चाललं होतं त्याच नोव्हेंबरात, १० तारखेला, चर्चिल लंडनच्या मेजवानीत म्हणाला की ब्रिटिश साम्राज्याचं दिवाळं काढायला मी राजाचा पंतप्रधान झालो नाही. ही निळी चिठ्ठी बरोबर भन्साळींच्या वर लावा. तुकडोजी महाराजांनाही त्याच साली तुरुंगात टाकलं होतं. ऑगस्टात हा वर्ग घ्या म्हटलं ते यासाठीच, पोट्टे पंचमीला घरी म्हाताऱ्यांना विचारून येतात अन् एखाद्याची आजी काहीतरी असं सांगते की जे मला माहीत नसतं.

बंगालचा दुष्काळ शिकवताना आवाज चढवू नका, कारणं साखळीसारखी लावा. ब्रह्मदेश जपान्यांकडं गेला, तिकडचा तांदूळ बंद. जपानी येतील म्हणून किनाऱ्यावरच्या होड्या अन् धान्य सरकारनंच काढून घेतलं. ऑक्टोबर १९४२ चं चक्रीवादळ. लढाईच्या पैशानं महागाई, साठेबाजी. भाव दुप्पट-तिप्पट झाले की मजुराच्या ताटाचं काय होतं हे आपल्या पोट्ट्यांना उदाहरणाशिवाय समजतं. माणसं किती मेली? सरकारच्या चौकशी आयोगानं १५ लाख म्हटलं, नंतरचे अंदाज ३० लाखांपर्यंत जातात. आता चर्चिलचा भाग. वादळ त्यानं आणलं नाही, ब्रह्मदेश त्यानं मुद्दाम सोडला नाही. पण धान्याची जहाजं मागितली गेली तेव्हा निर्णय त्याच्या टेबलावर होता आणि मागितलं त्यापेक्षा फार कमी मिळालं, त्याच्याच भारतमंत्री अमेरीच्या डायरीत भारतीयांबद्दलचं त्याचं बोलणं लिहिलेलं आहे, ते वाचवत नाही. व्हाइसरॉय वेव्हेल ऑक्टोबर १९४३ मध्ये आला, सैन्य मदतीला लावलं, जहाजांसाठी लंडनशी भांडत राहिला. एवढं सांगा अन् थांबा. ही चिठ्ठी लावताना मी दोरीच्या दोन्ही वर्षी पाहिलं, पोट्टे आपोआप डावीकडच्या 'परत कधी आला नाही' वाल्या चिठ्ठीकडं बघतात.

शेवट झरझर करा. ८ मे १९४५ युरोपात विजय, २६ जुलैला निवडणुकीचा निकाल, चर्चिलचा पक्ष हरला! मजूर पक्षाला ३९३ जागा. पोट्टे मानत नाहीत, लढाई जिंकली अन् निवडणूक हरला? समजवा की लोकांना लढाईनंतर घर, काम, दवाखाना पाहिजे होता. पंतप्रधान झाला तो कोपऱ्यातला अ‍ॅटली, अन् १९४७ त्याच्या काळातलं. १९५१ ते १९५५ चर्चिल परत पंतप्रधान. २४ जानेवारी १९६५ ला गेला, बापही १८९५ मध्ये २४ जानेवारीलाच गेलेला. अंत्यसंस्कार झाले ३० जानेवारीला, आपल्याकडं ती तारीख कोणाची हे पोट्ट्यांना सांगावं लागत नाही.

परीक्षावाल्यांसाठी फसवणारे प्रश्न: नोबेल शांततेचं नाही, साहित्याचं, १९५३. पोलादी पडदा हे भाषण ५ मार्च १९४६, अमेरिकेत फुल्टनला, तेव्हा तो पंतप्रधान नव्हता. स्वातंत्र्य दिलं तेव्हा पंतप्रधान अ‍ॅटली. आयर्विन म्हणजेच हॅलिफॅक्स, हे तर आता कोणी विसरत नाही.

एका ओळीत काय लिहायचं विचारणारा तो पोट्टा यंदाही आला होता. त्याला म्हटलं दोरीवरच्या कोणत्याही दोन चिठ्ठ्या उचल, एक निळी एक लाल, अन् त्यांच्या मधे 'अन्' लिही. त्यानं पवनार अन् लंडनच्या बॉम्बची उचलली. सगळ्यांकडून हेच लिहून घ्या, वहीत, दहा ओळींत, तारखांसकट.

चिठ्ठ्या काढताना मागं नंबर टाका, नाहीतर पुढच्या वर्षी अर्धा दिवस लावण्यात जातो, अन् प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा, माझ्या पहिल्या सेटची १९२५ ते १९३९ उंदरांनी खाल्ली. सुतळी घरातून आणली असेल तर वेचणीच्या आधी परत नेऊन ठेवा, गाठोडी बांधायला लागते.